शेवाळी पालीचं स्थळ

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. हे तुला मध्येच तोडता येणार नाही, फार तर फाडता येईल.

काम आहे हे तू ओळखलंसच. माझ्याकडच्या दोन शेवाळी पाली तुला आठवत असतील. अंगावर शेवाळासारखे डाग, हनुवटीखाली झालर, आणि झाडाच्या सालीला चिकटून बसल्या की मालकालाही सापडू नयेत अशा. बाहेरच्या देशांतून असले प्राणी आणायला बंदी आली ते बरंच झालं. लोक पोत्यात कोंबून आणायचे, निम्म्या पाली वाटेतच मरायच्या. पण बंदीआधी ज्या आल्या होत्या, त्यांचा वंश टिकवणं आमच्यासारख्या हौशी लोकांवर येऊन पडलं. हौशी लोक कसे असतात ते तुला सांगायला नको. कुणी स्वतः कंटाळले, कुणाच्या बायका कंटाळल्या. आता माझ्या दोन माद्या उरल्यात आणि अख्ख्या देशात नर एकच. तो तुझ्याच गावात आहे, आमच्या पाली पाळणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत ना, त्या चष्मेवाल्यांकडे.

अडचण अशी, की आमचं बोलणं बंद आहे. मंडळाच्या सभेत मी म्हणालो होतो की अध्यक्षांची काचपेटी फार तापते. त्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले की कवळ्या करून पोट भरणाऱ्यानं अस्सल गोष्टींबद्दल बोलू नये. मी केलेली एकही कवळी आजवर कुणाच्या तोंडातून पडलेली नाही, ताई. तेव्हा आपण मुलीकडचे आहोत असं समजून तू एकदा जाऊन गोडीगुलाबीनं विषय काढशील का?

भावोजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस, निदान हे काम होईपर्यंत.

तुझा,
खटपट्या

—

२१ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

घरात पाल दिसली की मी झाडू उचलते, हे ठाऊक असूनही तू मला पालीचं स्थळ बघायला पाठवलंस. शाळेच्या गणवेशांचा ढीग मशीनवर तसाच टाकून मी गेले.

चष्म्यांच्या दुकानामागे त्यांची खोली आहे. मला चपला काढायला लावल्या, हात साबणानं धुवायला लावले आणि एका काचपेटीसमोर उभं करून म्हणाले की बघा. मी बघितलं. आत एक फांदी होती. मुलीकडच्यांनी काय म्हणायचं असतं ते मला येतं, म्हणून मी म्हणाले की फारच देखणा आहे. त्यावर ते खूश होऊन म्हणाले की तुम्ही बघताय ती फांदीच आहे. मग त्या फांदीच्या शेजारच्या फांदीनं जीभ काढून स्वतःचा डोळा चाटला, तेव्हा कुठे मुलगा दिसला. जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून झटणाऱ्या माणसानं न दिसणारं जनावर पाळावं, हे मला आवडलं.

अटी ऐक. नर घराबाहेर पडणार नाही, माद्या त्यांच्याकडे पाठवायच्या. निम्मी पिल्लं त्यांची. मंडळाच्या वार्तापत्रात नाव त्यांचं वर, तुझं खाली आणि बारीक टाईपात. शिवाय भर सभेत तू त्या तापलेल्या पेटीबद्दल माफी मागायची. त्यांच्या बायकोनं चहा दिला आणि दारापर्यंत सोडायला येऊन हळूच सांगितलं की पेटी खरंच तापते.

आता माझं एक ऐक. माझ्या मुलीच्या लग्नाला तू आला नाहीस, कारण अंडी उबवायला ठेवली होतीस. मामा कुठे, असं जो तो विचारत होता आणि मी सांगत होते की तो उबवतोय. ती अंडी फुसकी होती, कारण नरच नव्हता, हे मला आज कळतंय. तेव्हा पालींच्या लग्नासाठी माझ्याकडे धावत येण्याआधी थोडी लाज वाटू दे.

लोभ आहे. तो का आहे ते मलाही समजत नाही.

ताई

—

२९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लग्नाच्या वेळी वीज सारखी जात होती, पेटीपाशी माणूस हवाच होता. आणि ती अंडी फुसकी असतील हे तेव्हा नक्की सांगता येत नव्हतं. कधीकधी मादी जुना संबंध पोटात साठवून ठेवते. तू हसशील, पण हे शास्त्र आहे.

माद्या त्यांच्याकडे पाठवणं जमणार नाही. त्या भट्टीत त्या आठवडाभरही टिकायच्या नाहीत. नर माझ्याकडे आला तर निम्मी पिल्लं द्यायला मी तयार आहे, पण निवड माझी. नाव माझंच वर, कारण माद्या दोन आणि नर एक. माफीचं म्हणशील, तर आधी त्यांनी माझ्या कवळ्यांची मागावी.

माझी मोठी मादी आता म्हातारी झाली आहे, हे त्यांना सांगू नकोस. मोल कमी होतं.

रागाच्या भरातही आठवण ठेवणाऱ्या ताईचा,
खटपट्या

—

१५ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुमचे निरोप पोचवून माझ्या चपला झिजल्या. तू एक अट सोडलीस की ते दोन घालत होते, आणि त्यांनी एक सोडली की तू तीच उचलून स्वतःच्या नावावर लावत होतास. पण आता वेगळीच गोष्ट घडली आहे.

वरच्या फळीवरची फवारणीची बाटली काढताना चष्मेवाले स्टुलावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, इस्पितळात आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायको माझ्या दारात. चष्म्यांची खोकी येतात तसल्या एका पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात नर घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या की मुलगा येणार आहे, त्याला मागची खोली गोदामासाठी हवीय आणि पेटीतलं सगळं तो कुणालाही देऊन टाकेल. तुमच्या भावाला याचं कळतं ना, तर तुम्हीच ठेवा. इतकी वर्षं नराला खायला आणलेले रातकिडे पेटीतून निसटून त्यांच्या पिठाच्या डब्यात जात होते. खोकं माझ्या हातात देताना त्या मोकळा श्वास घेतल्यासारख्या दिसल्या.

तर देशातला एकुलता एक नर सध्या माझ्या कापड कापायच्या टेबलावर आहे. झाकण उघडलं की लालभडक तोंड वासून मला भिववतो. मी इतकी वर्षं मुख्याध्यापकांकडून गणवेशांची बिलं वसूल करते आहे, मी काय भिणार. तुझे भावोजी त्याच्यावर पाणी शिंपडतात आणि त्याच्याशी बोलतात. माझ्याशी बोलतात त्यापेक्षा जास्त.

काय करायचं ते कळव.

ताई

—

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे उपकार कसे फेडू. रजा टाकली आहे. खोलीत हवा गार ठेव, इस्त्री दुसरीकडे कर, रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लावल्याशिवाय देऊ नकोस.

चष्मेवाल्यांना सध्या काही सांगायची गरज नाही. आजारी माणसाला त्रास कशाला. मी येतो, नर घेऊन जातो, आणि ते हिंडूफिरू लागेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. वंश टिकला म्हणजे झालं, नाही का? नाव कुणाचं, हा पुढचा प्रश्न. तो मी बघून घेईन.

तुझ्या ऋणात सुखानं राहणारा,
खटपट्या

—

२४ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
आशीर्वाद. आज साधेच.

पत्र वाचलं, तडक इस्पितळात गेले आणि चष्मेवाल्यांना सगळं सांगून टाकलं. नर माझ्याकडे आहे, माझ्या भावाला तो गुपचूप न्यायचा आहे, आणि मी तो देणार नाही, हे सगळं. त्यांचा चेहरा नराच्या तोंडासारखा लाल झाला. म्हणाले की जात नाहीशी झाली तरी बेहत्तर, पण तिचा उद्धार कवळीवाल्याच्या हातून होता कामा नये.

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले की मग तुम्ही पाल जपत नाही, खुर्ची जपता. पाल बिचारी फक्त खुर्चीखाली सापडली आहे. माझा भाऊही तुमच्याच माळेचा, तो नाव जपतो. ज्यांच्यासाठी तुम्ही भांडता ती जनावरं तेवढ्यात म्हातारी होऊन मरतील आणि मग तुम्ही दोघे रिकाम्या पेट्यांवर पाणी शिंपडत बसा. नर्स येऊन मला म्हणाली की हळू बोला, पण तीही थांबून ऐकत होती.

आता मी ठरवलं ते ऐक. दोन्ही माद्या घेऊन तू इथे यायचं. त्यांचं घर नाही, तुझं घर नाही, जे काय व्हायचं ते माझ्या घरात. अंडी होतील ती मी सांगेन तोवर कुणाचीच नाहीत. पटत नसेल तर नर मी शाळेच्या प्रयोगशाळेत देऊन टाकते. तिथली मुलं त्याच्यासाठी टपलेलीच आहेत.

पुढचा लोभ तू माद्या आणतोस की नाही त्यावर.

ताई

—

२ मार्च

आदरणीय बाईंस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी आडवा राहून सांगत आहे व सौ. लिहीत आहे. आपण सहा खाटांच्या खोलीत, इतर रुग्णांदेखत मला जे सुनावलंत, त्यावर मी विचार केला. खुर्चीचा मला मोह नाही. मंडळानं गळ घातली म्हणून ती मी सांभाळत आलो. तरी आपल्या देखरेखीखाली हा प्रयोग होण्यास माझी हरकत नाही. तापमान मात्र आपल्या बंधूंनी एकट्याने ठरवू नये. नरास डाव्या बाजूची फांदी प्रिय आहे, ती हलवू नये.

स्नेह असू द्यावा, मतभेदांसह.

आपला,
अध्यक्ष

ता. क. हे त्यांनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते. मंडळानं गळ वगैरे काही घातली नव्हती. सभेला चार माणसं होती, त्यातली एक मी, चहा देणारी. रोज संध्याकाळी विचारतात की नर जेवला का. माझ्या गुडघ्यांचं कधी विचारलं नाही. तुम्ही बोललात ते फार बरं केलंत. शेजारच्या खाटेवरचे आजोबा विचारत होते की त्या बाई पुन्हा कधी येणार.

—

१४ ऑगस्ट

चि. खटपट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

बातमी चांगली आहे आणि वाईटही. वाईट आधी सांगते.

तुझी मोठी मादी गेली. सकाळी पेटीच्या तळाशी पडलेली दिसली. एरवी शोधून सापडायची नाही, आज पहिल्या नजरेत दिसली, त्यावरूनच मी समजले. तुझे भावोजी जेवले नाहीत. गणवेशाच्या कापडाचा तुकडा घेऊन मी तिला त्यात गुंडाळलं आणि मागच्या अंगणात पुरलं. पालीसाठी आपण असं काही करू असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आता चांगली. मार्चमध्ये तू माद्या घेऊन आलास, कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपलास, चष्मेवाले कुबड्या टेकत येऊन तुझ्याशी तापमानावरून भांडले, आणि तू गेल्यावर दोघींनी पाचोळ्याखाली बोराएवढी गोल अंडी घातली, ती हलवू नकोस असं तू बजावलं होतंस. ती मी हलवली नाहीत, त्यासाठी इस्त्रीचं टेबल स्वयंपाकघरात गेलं. आज त्यांतून पिल्लं निघाली. म्हातारीचीही निघाली, ती गेली त्याच दिवशी. नखाएवढं डोकं, पण तोंड वासून भिववायची खोड बापाची. चष्मेवाले पेटीसमोर उभे राहून रडले आणि म्हणाले की चष्म्यावर फवारा उडाला.

ये एकदा. माद्या नाहीत, अंडी नाहीत, तरी ये.

ताई

—

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवाणखान्यात तू आम्हा दोघांना इतक्या वेळा समोरासमोर बसवलंस, की अखेर चष्मेवाल्यांचं आणि माझं जमलं. वार्तापत्रात दोघांची नावं एकाच ओळीत, एकाच टाईपात. आम्ही एकमतानं ठरवलं आहे की पिल्लं आता मंडळाच्या ताब्यात यावीत, म्हणजे अर्थात आमच्या दोघांच्या. तू मंडळाची सभासद नाहीस, आणि नियमाप्रमाणे बिगरसभासदानं इतकी दुर्मिळ जनावरं ठेवणं बरोबर दिसत नाही. तू मनावर घेऊ नकोस, हे तत्त्वाचं आहे. आभाराचं पत्र मंडळ वेगळं पाठवील.

पिल्लं आता ओळखण्याएवढी मोठी झाली असतील. नर किती, माद्या किती, ते कळव.

तुझा आणि मंडळाचा,
खटपट्या

—

११ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आशीर्वाद, आणि तुझ्या सहअध्यक्षांनाही.

तुमचं दोघांचं जमल्याचं ऐकून आनंद झाला. जमलं आणि पहिलं काम कोणतं केलंत, तर मला नियम दाखवलात. इस्त्रीचं टेबल कित्येक महिने स्वयंपाकघरात होतं तेव्हा नियमाची कुणाला आठवण नव्हती.

पिल्लं मला नकोतच. ती मी वाटून ठेवली आहेत. नर कसा ओळखायचा ते शेपटीच्या मुळाशी दिसणाऱ्या फुगवट्यावरून तूच मला शिकवलं होतंस, आणि चष्मेवाल्यांनी येऊन खात्री केली. त्यांनी ती का करून घेतली जाते आहे हे विचारलं नाही. सगळे नर तुझे. सगळ्या माद्या त्यांच्या. म्हातारा नर आणि तुझी धाकटी मादी माझ्याकडेच राहतील, म्हणजे तुमच्यापैकी कुणालाही पळवाट नको. शिवाय तुझे भावोजी त्यांना सोडणार नाहीत.

चष्मेवाल्यांच्या बायकोला ही वाटणी आधीच सांगितली. त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

आता पुन्हा भांडण झालं, की तुझ्याकडे नुसते नवरे आणि त्यांच्याकडे नुसत्या नवऱ्या. जात टिकवायची असेल तर दर हंगामाला एकानं दुसऱ्याच्या दारात जायचं, चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे आणि फांदीकडे बघून म्हणायचं की फारच देखणी आहे. मी मध्ये येणार नाही. मी बिगरसभासद आहे.

नर न्यायला रविवारी ये. खोकी मी भोकं पाडून तयार ठेवली आहेत. जेवायला थांबावं लागेल, हा माझा नियम आहे.

लोभ पूर्वीइतकाच. फक्त त्यात आता चष्मेवाल्यांच्या बायकोचाही वाटा आहे.

ताई