धोंड्याचं जेवण

४ मे
शेवटी कामरगावात खोली मिळाली. पत्रे तापतात, पंखा कुरकुरतो, पण भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून इथं कोणी ताट भिरकावत नाही. पाच वर्षांची माझी रुचिका आज घरभर मोठ्यानं हसत होती. राखी नावाच्या बाईच्या शिवणाच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवायचं काम आहे. शाळा उघडेपर्यंत मान वर काढायला फुरसत नाही. घरमालकीण सोजरबाईंना सांगितलंय, नवरा पुण्यात कंपनीत आहे. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला कोण खोली देतं? जुनं सिमकार्ड अकोल्याच्या स्टँडवर मोडून टाकलं, त्यानंतरचा चहा काय गोड लागला म्हणून सांगू.

१३ मे
सोजरबाई आणि बबनराव, दोघांना लेकरूबाळ नाही. आज सोजरबाईंनी माझी ओटी भरली, हिरव्या बांगड्या भरल्या आणि म्हणाल्या, आजपासून तू मायी लेक. मला रडूच आलं. इतक्या मायेची सवय राहिली नाही.

१८ मे
काल धोंड्याचा महिना लागला. या अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवू घालून वाण देतात. सोजरबाई म्हणाल्या, आजवर जवायाले जेवाले घालाले मले लेक नव्हती, आता हाय. त्याचा नंबर दे. मी म्हटलं, त्यांना सुट्टी मिळत नाही. त्या नुसत्या हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही.

२३ मे
ओट्यावर अनारशांचे तांदूळ वाळतायत, लग्नघरासारखे. कोणासाठी विचारलं तर म्हणे देवासाठी. संध्याकाळी रुचिकानं सहज सांगितलं, आजीनं बाबांचा नंबर विचारला, मी न चुकता सांगितला. तिचा बापच तो पाठ करून घ्यायचा तिच्याकडून; अंक चुकला की चिमटा. पोरीला वाटतंय, मी शाबासकी देईन.

२४ मे
सोजरबाईंना सगळं सांगितलं. पाठीवरचा इस्त्रीचा डाग दाखवला. त्या म्हणाल्या, फोनवर तर आई-आई करून रडला तो, सुधरला असंन. आन् आता मी हाव ना पाठीशी. कधी येतोय ते सांगत नाहीत. उद्या पहिल्या गाडीनं निघायचं. कुठं, माहीत नाही.

२५ मे
रुचिका नाही. मी पिशवी भरत होते तेवढ्यात बबनराव तिला घेऊन स्टँडवर गेले — पाहुणा आणायला. बापाला बघून खूश होईल म्हणे. तिला सोडून जाऊ कशी — राखीला फोन लावते, उचलत नाही —

आला. नवा शर्ट. रुचिका त्याच्या कडेवर, त्याचा हात तिच्या मानेवर. खिडकीतून दिसतंय. सोजरबाई त्याचे पाय धुतायत. गल्लीतल्या बाया म्हणतायत, जवाई किती साधा — मी ओरडले तर मलाच —

पाट मांडले. सोजरबाई मला बोलवायला उठल्या, तर तो म्हणाला, आई, तुमी बसा, मीच आणतो तिले.

रुचिकाला खाली ठेवत नाही. ती खिडकीकडे बघून मान हलवतेय, नको, नको — तो तिच्या कानात काहीतरी — आता तिनं हात वर केला, बोटानं माझी खोली —