कोऱ्या शर्टाचं कोपर

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी खुशाल आहे. वेळेवर जेवतो, खोलीही उबदार आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

तू हसशील, पण मी शिवण शिकतोय. दर रविवारी वाचनालयात एक बाई फाटके कपडे जपानी टाक्यांनी सांधायला शिकवतात. जाड पांढऱ्या दोऱ्याच्या साध्या टाक्यांची सुंदर नक्षी होते. माझ्या दोन्ही पँटी, मोजे, उशीचा अभ्रा, सगळं सांधून झालं.

यापुढचं आईला वाचून दाखवू नकोस. फाटकं काहीच उरलं नाही, म्हणून तू दिलेला कोरा निळा शर्ट मी कोपरावर कात्रीने कापला. आठवडाभरात मला नावाने हाक मारणारं तिथेच कोणी भेटतं गं.

बाईंनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे झिजलेलं नाही."

"नाही," मी म्हणालो. मान वर करवेना.

त्यांनी शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली. "पुढच्या रविवारी रिकाम्या हाताने या. माझ्या घरी फाटक्यांचा ढीग पडलाय, तो आणते."

मला रडूच आलं. शिंक आल्याचं सोंग केलं.

शर्टाबद्दल रागावू नकोस.

तुझा,
धाकटा