न पाहिलेल्या सामन्यावर निबंध मागविल्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
क्रीडा कार्यालय.

विषय : सहावीच्या मुलींकडून न पाहिलेल्या फुटबॉल सामन्यावर निबंध मागविल्याबाबत, तसेच त्यांना पुढील सामन्यास प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे आमच्या शाळेस आलेले अभिनंदनपत्र.

महोदय,

आपले अभिनंदनपत्र मिळाले. अशा पत्राने आनंद झाला असे कळविण्याची रीत आहे. मला किळस आली, हे नम्रपणे नमूद करते.

मी मुलींच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेतून महिला फुटबॉल सामन्याची मोफत तिकिटे आपणच आमच्या सहावीच्या वर्गास दिली होती. वर्गातील एका मुलीची सख्खी मोठी बहीण त्या सामन्यात प्रथमच गोलरक्षक म्हणून उतरणार होती, त्यामुळे सगळा वर्ग हवेत होता. तिकिटे हरवू नयेत म्हणून प्रत्येकीचे नाव मी तिकिटामागे शाईने लिहून दिले होते.

प्रवेशद्वारावर आम्हांस सांगण्यात आले की, मोफत तिकिटावर प्रत्येक मुलीसोबत पालक हवा. पालकाला मोफत तिकीट नाही, आणि विकतची तिकिटे संपलेली. शिक्षिका म्हणून मी सोबत आहे असे निवेदन केले असता, मी एवढ्या सगळ्या मुलींची आई असू शकत नाही, असा खुलासा मिळाला. तेवढ्यात आपल्या कार्यालयाचे लिपिक आले. “जरा गोंधळ झालाय बाई, शिक्का मारून आणतो,” असे म्हणून त्यांनी सर्व तिकिटे गोळा केली व ते गेले ते गेलेच. मुली भिंतीबाहेर उन्हात बसल्या.

थोड्याच वेळात त्याच दारातून नटूनथटून काही कुटुंबे आत गेली. त्यांना पालक कुणी विचारले नाहीत. मध्यंतरात एक गृहस्थ काहीतरी तळलेले खात बाहेर आले, तेलकट बोटे एका कागदाला पुसली आणि तो आमच्यापुढे फेकला. कचरा दिसला की उचलायचा, ही सवय मुलींना मीच लावली आहे. गोलरक्षकाच्या धाकट्या बहिणीने तो उचलला. त्यामागे तिचेच नाव होते. सदर गृहस्थ आपले साडू आहेत. आमच्या बक्षीस समारंभास ते आपल्यासोबत आले होते व रांगेचे महत्त्व या विषयावर बराच वेळ बोलले होते.

मी तक्रार घेऊन आले तेव्हा आपल्या कार्यालयाने मला या टेबलावरून त्या टेबलावर टोलवले. तिकिटे वापरली गेली, त्याअर्थी मुलींनी सामना पाहिला, असे शेवटी लिपिकांनी ठरविले. मुली आत नव्हत्या याचा पुरावा म्हणून न वापरलेली तिकिटे सादर करा, असेही सुचविले. ती तिकिटे तर तेच घेऊन गेले होते. आता आपण मुलींच्या स्टेडियममधील शिस्तीचे कौतुक करता, ‘मी पाहिलेला सामना’ यावर निबंध मागविता आणि लाभ मिळून चुकल्याने पुढच्या सामन्याची तिकिटे नाकारता. शिस्तीचे म्हणाल तर खरे आहे. आत नसलेल्या मुली आत दंगा करीत नाहीत.

या मैदानावर त्या मुलीच्या गोलरक्षक बहिणीचा आता एकच सामना उरला आहे. नंतर संघ दूर जातो. त्या दिवशी मुलींना त्यांच्या स्वतःच्या नावाने आत सोडावे, एवढीच विनंती. पालक हवाच असेल तर आपले साडू चालतील, त्यांना आतला रस्ता माहीत आहे.

आपली,
अजूनही नम्र राहू पाहणारी,
क्रीडाशिक्षिका

दिनांक : सामन्यानंतरचा दुसरा सोमवार

सोबत :
१. तिकीट, तेलकट. पाहून परत करावे, ते मुलीचे आहे.
२. निबंध, एकच. बाकीच्या मुलींनी कोरे कागद दिले. संपूर्ण मजकूर पुढीलप्रमाणे :

“भिंतीपलीकडून खूप मोठा आवाज आला. ताईने गोल अडवला की ताईवर गोल झाला, ते कळलं नाही. मी टाळ्या वाजवल्या.”