दगडावरचे तीन शब्द

मंगळवार, ता. ११ मार्च

प्रिय ठमाबाई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण वहिनीइतका नाही. कामही जोरात आहे. माणसं काही मरायची थांबत नाहीत, त्यामुळे त्यांच्या कबरीच्या दगडांवर नावं कोरणाऱ्याला उसंत कुठली? (आई असती तर या वाक्याला एक चापट नक्की होती.)

तुझं पत्र मिळालं. चौदा वर्षं चर्चची पायरी न चढलेली तू येत्या रविवारी उपासनेत उभी राहून आपल्या विश्वासाची साक्ष देणार! वहिनीने मला ते पत्र दोनदा मोठ्याने वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा मनसोक्त रडली. मलाही आनंद झाला. खरंच झाला. फक्त तू मागितलेला आईच्या दगडाचा फोटो पाठवायचा राहिला. तीन दिवस आभाळ होतं गं, अक्षरं नीट उठून दिसत नव्हती.

खोटं. तिन्ही दिवस लख्ख ऊन होतं.

आमच्या कामाची रीत तुला ठाऊक आहेच. मजकूर आधी दगडावर खडूने लिहायचा, दुसऱ्या कुणीतरी तो अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायचा आणि मगच छिन्नी उचलायची. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून बाबांनी ही शिस्त लावली. तीस वर्षांत मी ती एकदाच मोडली. आईच्या नावाखालचे ‘मला खात्री आहे’ हे तीन शब्द मी कुणालाच वाचू दिले नाहीत. शटर खाली ओढून एकट्याने कोरले. वहिनीला वाटलं, दुःखामुळे. मीही तसंच वाटू दिलं.

ठमे, आई ते शब्द बोललीच नव्हती.

दफनाच्या दिवशी, घरच्या प्रार्थनेत, चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, “शेवटी काही बोलल्या का आई?” तू दारात उभी होतीस. आत यायचं की नाही, हे तुझं ठरत नव्हतं. पर्स छातीशी घट्ट धरलेली आणि चेहरा असा, की मला बघवेना. मी म्हणालो, “तारणाबद्दल, प्रभूजवळ जाण्याबद्दल बोलली. म्हणाली, मला खात्री आहे.” माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं, की क्षणभर मलाही खरंच वाटलं. पाळकसाहेबांनी त्याच शब्दांवर उपदेश केला. तू आत येऊन बसलीस. पुढच्या महिन्यात तुझा फोन आला, “दादा, मरताना आईला एवढी खात्री असेल, तर त्यात काहीतरी असणारच.” मी काय म्हणालो, आठवतं? “हो ना.”

आता खरं काय झालं ते ऐक. शेवटच्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर, मी दुकानात एका दगडाला पॉलिश करत होतो. मागच्या खोलीतून आईने हाक मारली. दार उघडंच होतं. तिने विचारलं, “काय रे, मी जाईन ना प्रभूजवळ? नक्की ना?”

मी म्हणालो, “बघू.”

दिवसभर गिऱ्हाईकं विचारतात, शनिवारपर्यंत होईल ना, पावसाआधी बसवाल ना, आणि मी प्रत्येकाला हेच सांगतो. सवयीने गेलं तोंडातून. गेलं वर्षभर मी स्वतःला हेच समजावत आलोय. मशीनचा आवाज होता, नीट ऐकू आलं नाही, असंही सांगून पाहिलं. पण मशीन बंद होतं. मला एकेक शब्द ऐकू आला होता.

आई एवढंच म्हणाली, “पायांवर पांघरूण घाल, गार पडलेत.” मी घातलं. तिथेच बसून ‘हो आई, नक्की’ म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी हात पुसत पुन्हा दगडाकडे गेलो. संध्याकाळी ती गेली.

आईबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तिच्यासारखी बाई जाणार नाही, तर कोण जाणार? पण ‘हो’ म्हणायचं तर ते कुणाच्या तरी भरवशावर म्हणायचं ना, आणि तो भरवसा माझ्याजवळच नव्हता. कधीपासून नाही, ते विचारू नकोस. बारा वर्षं मी दर रविवारी चर्चमध्ये मुलांना ‘तारणाची खात्री’ हा धडा शिकवतोय. वचनं तोंडपाठ आहेत. मुलं विचारतात, “सर, तुम्हाला आहे खात्री?” मी म्हणतो, “अर्थात!” मुलांना खोटं सांगताना जीभ अडखळली नाही. आईसमोर मात्र अडखळली, आणि नेमकं तिथेच अडखळायला नको होतं.

रविवार होऊन जाऊ दे, मग सांगू, असंही मनात आलं. पण भरल्या मंडळीसमोर माझं खोटं तू तुझ्या तोंडाने सांगणार, ही कल्पनाच सहन होईना. तुझ्या पायाखालची फरशी मी काढून घेतोय, हे कळतंय मला. पण ती मी बसवलेली होती. तिच्याखाली खरी जमीन असेल, तर ती आईच्या शब्दांची नाही, माझ्या तर नाहीच नाही. प्रभूने स्वतः दिलेल्या शब्दाची असेल. ती तुला लागली असली, तर रविवारी तेवढंच सांग. लागली नसली, तर नको उभी राहूस. दोष माझा आहे, आणि पाळकसाहेबांना मी उद्याच जाऊन सांगतोय. दगडाचा तो थर घासून काढीन. नाव आणि तारखा राहतील.

आईच्या शेवटच्या शब्दांचा साक्षीदार म्हणून तू मला रविवारी बोलावलं आहेस. मी येईन, पण साक्षीदार म्हणून नाही. उपासनेनंतर प्रार्थना हवी असलेली माणसं पुढे जातात ना, त्यांच्या रांगेत असेन. तू नजर फिरवलीस तरी माझी तक्रार नाही. पण जमलंच, तर व्यासपीठावरून खाली येऊन प्रार्थनेसाठी माझ्या डोक्यावर हात ठेवशील? मला दुसऱ्या कुणाचा नको आहे.

तुझा,
अजून खात्री नसलेला,
दादा