खुर्ची आधी पोहोचते

मंगळवार, सालेकसा, संध्याकाळ

आज सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. "विहिरीवर कोणाला अडवतात का?" असं मी घरोघर विचारलं आणि घरोघर तेच ऐकलं, "आमच्या गावात तसं काहीच नाही, मॅडम." शब्दसुद्धा तेच! फोनवर माझे पीएचडीचे गाईड सर खूश. एवढं एकमत म्हणजे निष्कर्ष पक्का म्हणे. मला नाही पटत. पाण्याच्या बाबतीत अख्ख्या गावाचं कधी एकमत असतं का?

आणि ती लाल खुर्ची. पहिल्या घरी मला जी बसायला दिली, तिच्या मोडक्या हाताला तार गुंडाळलेली होती. तिसऱ्या घरीही तीच तार. सोबत आलेले प्रभाकरभाऊ, सरपंचबाईंचे यजमान, मी उठले की खुर्ची उचलून पुढच्या घरी जायचे. मी घरच्यांचा निरोप घेऊन मागून पोहोचायची. मला वाटलं, पाहुणीचं केवढं अगत्य! घरं मी चिठ्ठ्या टाकून निवडली, प्रश्न सगळ्यांना सारखे विचारले, सगळं पुस्तकात सांगितलं तसं. पण खुर्चीबरोबर आणखी काय पुढे जातंय, हे मला काऊन सुचलं नाही?

शेवटच्या घरी गल्ली चुकून मीच आधी पोहोचले. म्हातारी शेवंताबाई अंगणात मोहफुलं वाळवत होती. मी खालीच बसले आणि विहिरीचं विचारलं. तिनं हात थांबवला, रस्त्याकडे पाहिलं.

"थांब बाई, खुर्ची येऊन राहिली. मंग सांगतो."