फ्रीजची दुपारची सुट्टी

४ एप्रिल
सगळ्यात आधी कमरबीच आल्ती. चहा उतरला न्हवता तर शेजारीण दारात, हातात तिचं लाईटबिल. माझंबी मागून घेतलं अन् हसली. तुळजाबाई, घरात माणसं दोन अन् बिल बारातीचं? मागून समोरच्या घरची उषाबाई आली, तीबी हसली. मीबी हसले. पण ठरवलं, पुढच्या बिलाला कमरबीची मान खाली.

५ एप्रिल
न्हाणीकडच्या बोळीतला बल्ब काढला. या घरात जन्म गेला, डोळे मिटून चालता येतं. मालक म्हणले, तुला येतं, मला न्हाई. म्हणलं, होईल सवय.

८ एप्रिल, दुपार
लई भारी सुचलं. फ्रीज दिवसभर कुणासाठी घरघर करून राह्यलाय? आत असतं काय, तर शिळं वरण, कोथिंबीर अन् मालकाच्या शुगरच्या इंजेक्शनच्या बाटल्या. थर्मासातला चहा संध्याकाळपर्यंत गरम राहतो, मंग फ्रीज थंड का न्हाई राहायचा? सकाळी बटण बंद, दिवे लागताना चालू. वरण आंबलं. उन्हाळ्यात आंबतंच.

१५ एप्रिल
मालक अंधारात ठेचाळले. अंगठ्याचं नख गेलं. हळद दाबली. बल्ब लाव म्हणले. म्हणलं, आता काय उपयोग, लागायचं ते लागलं.

२३ एप्रिल
मीटरचा लाल दिवा कसा सावकाश लुकलुकतो! पाट टाकून बघत बसते. मालक दिवसभर झोपून राह्यलेत, म्हणजे पंखा बंद केला तरी झोप लागते. पाणी लई पितात. माठाचं पाणीच गोड आमच्या. इंजेक्शन बराबर दोन टाइम मीच देते, एकबी चुकलं न्हाई. अंगठा तेवढा काळा पडलाय. हळदीचा रंग असंल.

२ मे
बिल आलं. निम्मं! जल्दी जल्दी कमरबीकडं गेले. तिनं बघितलं, परत दिलं. मंग म्हणली, रामरावभाऊंच्या पायाचा वास भिंतीपल्याड येतो, बाई. दवाखान्यात न्या. जळकी मेली. तीर्थपुरीच्या बाजारात सगळ्यांना बिल दाखवीन.

३ मे
अंबडहून लेक अन् जावई आले! किती दिवसांनी साधना आली. शिरा टाकला. बापाचा पाय बघून ती इंजेक्शन आणायला फ्रीजकडं गेली अन् बाटली हातात धरून तशीच उभी. आई, ही गरम का? म्हणलं, दुपारी सुट्टी असते त्याला. जावयानं गाडी काढली, दोघांनी उचलून मालकाला जालन्याला नेलं. शिरा तसाच राह्यला.

७ मे
कमरबी आल्ती. बोळीत बल्ब लावून गेली. हसली न्हाई.
मी फ्रीज रात्रंदिवस चालू ठेवलाय. आत काही न्हाई.
साधनाचा फोन आल्ता. अंगठा काढला म्हणे, पण जहर वर चढलंय, डॉक्टर अजून काही सांगत न्हाईत. म्हणलं, शिरा पुन्हा करते, कधी येता?
गुरुवारी येतो म्हणली. कोण कोण, ते म्हणली न्हाई.