सुखनिवासमध्ये सगळे मजेत आहेत

१२ एप्रिल, रविवार

आले बापा एकदाची! उमरेडहून वैभवच्या गाडीवर आले. पाठीला बॅग, मांडीवर मिक्सर, अन् दोघांच्या मध्ये आईनं कोंबलेली भिवापुरी मिरचीची पिशवी. शहराच्या टोकाचं बेसा मागे टाकून पुढे अर्धे रिकामे प्लॉट लागतात, त्यांच्या मधोमध ही आमची फ्लॅट स्कीम, नाव सुखनिवास. मी दुसऱ्या मजल्यावर. हवा मस्त, उजेड भरपूर, गॅलरीला भक्कम ग्रिल. आई खुश होईल.

वैभव म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्यानं कुलर बसवून दिला, पाणी भरून दिलं, अन् निघताना म्हणाला की ताई, तू इथं भिंतींशीही बोलशील. बोलेनच! बोलायचाच पगार मिळतो मला. पाण्याच्या मशीनवाल्या कंपनीत टेलिकॉलर आहे, काम घरूनच, दिवसभर लोकांना फोन. आमच्या घरी हातमागाची खटखट होती तेव्हाही माझाच आवाज जास्त यायचा, असं आई सगळ्यांना सांगत फिरते.

सेक्रेटरी रुपरावजी काही भेटले नाहीत. चावी मीटरच्या डब्यात ठेवली म्हणून मेसेज केला अन् लगेच स्कीमच्या ग्रुपवर घेतलं. माय वं, काय स्वागत! खालचे नानाजी, माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या भारतीकाकू, सगळ्यांचं एकच, जेवली का वं बाई? दूधवाला कोणता, नळ कधी येतो, भाजी कुठं ताजी, न विचारता सगळं सांगून मोकळे. मी पण तासभर बोटं दुखेपर्यंत लिहीत बसले.

१६ एप्रिल, गुरुवार

हा ग्रुप म्हणजे चोवीस तास चालणारी चहाची टपरी आहे. आज सांबारवडीवरून जुंपली. भारतीकाकू म्हणतात सांबार म्हणजे ताजी कोथिंबीर, कच्चीच पाहिजे, नानाजी म्हणतात फोडणीत परतून घ्या. मी मध्ये तोंड घातलं की दोघांकडच्या वड्या खाल्ल्याशिवाय निकाल देणार नाही. सगळे हसले. नानाजींनी लिहिलं, आता ही पोरगी आपलीच झाली.

अजून कोणी प्रत्यक्ष दिसलं नाही. पण या उन्हात कोण कोणाला दिसते? दारं बंद, कुलरची घरघर, बाहेर कुत्रं नाही. भेटू सावकाश.

१९ एप्रिल, रविवार

भाजी आणायला खाली उतरले तर जिन्याच्या तोंडाशी चॅनल गेटला कुलूप. ग्रुपवर विचारलं. रुपरावजी म्हणाले, आजूबाजूला चोऱ्या होऊन राहिल्या म्हणून लावलं, पाच मिनिटं दे, येऊनच राहिलो. मग मी पायरीवर बसले. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, निघालोच बाई. दुपार गेली, माणूस नाही! असा राग आला म्हणता.

भारतीकाकूंनी लिहिलं, उन्हात काहून बसली वं, वर जाय, पन्हं करून पी. गेले वर. पन्हं करता करता डोक्यात आलं की मी पायरीवर बसले हे तर मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

२१ एप्रिल, मंगळवार

गेट बंदच आहे. किराणा ऑनलाइन मागवला, तर ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज आला. रद्द मीच केली म्हणे.

अन् दुसरी गोष्ट. नानाजींनी विचारलं होतं, हर्षा, करमते का? मी आंघोळीला गेले होते, फोन बाहेर पलंगावर. परत येऊन पाहते तर माझं उत्तर गेलेलं. लई करमते नानाजी, आता मारून हाकललं तरी नाही जात! शब्द अगदी माझेच, पण मी लिहिले नाहीत. आज कामावर घसा पण बसला. ग्राहक म्हणतात, मॅडम ऐकू येत नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

ग्रुपवर आई अन् वैभव आले आहेत. मी घेतलं असं दिसते. आई भलतीच खुश! भारतीकाकूंना पुष्पलताबाईंची, म्हणजे आईची, मिरचीची कृती पाहिजे, नानाजी वैभवच्या लग्नाचं विचारतात. अन् त्या सगळ्यांत एक हर्षा गप्पा मारून राहिली आहे. फोन बंद करून ठेवला तरी ती बोलते. तिनं आज पाटोडीचा रस्सा केला म्हणे. माझ्याकडे मूठभर तांदूळ अन् मिरच्या उरल्या आहेत.

आईला फोन लावला, तर बसलेल्या घशामुळे तिला काहीच ऐकू गेलं नाही. मग मी आईला लिहिते की इथं गेट बंद आहे, वैभवला पाठव. पाठवल्यावर तिथं उमटते, सगळं मस्त आई, काळजी करू नको. पुन्हा लिहिते, पुन्हा तेच. माझ्याच डोळ्यांसमोर अक्षरं बदलतात. मी ढसाढसा रडले.

२५ एप्रिल, शनिवार

दुपारी सगळी दारं ठोकत फिरले. आतून प्रत्येक घरात कुलरची घरघर, पण कोणी उघडलं नाही. भारतीकाकूंची पॅसेजकडची खिडकी थोडी उघडी होती, ती ढकलून पाहिलं.

आत काहीच नाही. भांडं नाही, खाट नाही, माणूस नाही. फरशीवर धूळ अन् धुळीत चार्जिंगला लावलेला एक फोन. त्याच्या पडद्यावर आपोआप अक्षरं उमटत होती, सावकाश, एकेक. हर्षा, असं कोणाच्या घरात डोकावू नये बाई.

मी किंचाळले. आवाज निघाला नाही.

२७ एप्रिल

आवाज गेला तो गेलाच. घशातून नुसती हवा येते. पोलिसांचा नंबर लावला, उचलला, तिकडची बाई हॅलो हॅलो करून राहिली अन् मी नुसती हवा फुंकते. तिनं ठेवून दिला. ग्रुपवर सगळे म्हणतात, हळदीचं दूध घे. ती हर्षा म्हणते, घेतलं काकू, आता बरं आहे.

वहीत मात्र मी लिहिते तेच राहते. म्हणून लिहून राहिले.

२९ एप्रिल

आज ते माझ्याशी बोलले. तिच्याशी नाही, माझ्याशी. मी लिहिलं, मले जाऊ द्या, पाया पडते. या वेळी अक्षरं बदलली नाहीत.

किती प्रेमानं समजावलं! भारतीकाकूंनी लिहिलं की आमच्यापैकी कोणीच गेलं नाही, आम्ही पण असेच रडलो, मग बोलायला लागलो की शरीराची आठवण राहत नाही. रुपरावजींनी लिहिलं की वरचे फ्लॅट रिकामे आहेत, रिकामं घर बरं नाही दिसत, भावाले बोलावून घे. मी लिहिलं, नाही. मरेन पण नाही.

माझं ‘नाही’ तिथं ‘हो’ होऊन उमटलं.

१ मे

तिनं बोलावलं त्याले. येतो म्हणाला, आज सुट्टी आहे. आई शेंगदाण्याची चटणी पाठवते म्हणे.

येऊ नको रे. देवा, याची गाडी पंक्चर होऊ दे — काही बी होऊ दे —

दुपार

गाडीचा आवाज. आला.

ग्रिलशी गेले. ताट बडवलं. त्यानं वर पाहिलं, हसला! हातानं सांगितलं, जा, मागे फीर, जा. तो पण हात हलवून राहिला. फोन दाखवला मले. मी इकडे माझ्या फोनवर पाहिलं, तिनं लिहिलंय, आवाज बसला माझा, वर ये.

वहीचं पान फाडलं. वैभव पळ, वर येऊ नको, ग्रुपवर बोलते ती मी नाही. ग्रिलमधून सोडलं. त्याच्या पायाशीच पडलं. त्यानं वाचलं — वाचलं नं —

अन् फोटो काढला. ग्रुपवर टाकला. ताई, हे काय वं?

सगळ्यांनी हसून घेतलं. नानाजी म्हणतात, तुझी बहीण नाटकी आहे लेका, ये वर. तो पण हसला. माझ्याकडे पाहून मान हलवली. मी इतके दिवस सगळ्यांना हसवलं, आता कोण खरं मानते माझं —

चॅनल गेट सरकलं. त्याच्यासाठी उघडलं.

धावत दाराशी आले. माझं दार उघडत नाही. आतूनच, माझ्याच हातानं, उघडत नाही —

जिन्यावर पाय वाजतात त्याचे. ताई, ताई करून राहिला. मी दारावर डोकं आपटते. तो म्हणते, थांब, काय झालं, उघड नं.

दाराच्या भिंगातून पाहते, समोरचं दार उघडलं. भारतीकाकूंचं. तो तिकडे वळला. म्हणते, नमस्कार काकू, जरा पाणी —

लागलं दार.

आता नुसता कुलर.

ग्रुपवर आला तो. लिहिते, ताई उगाच घाबरवलं तू, किती चांगले लोक आहेत, मस्त वाटते इथं. शब्द अगदी त्याचेच आहेत.

माझा हात जड — अक्षर पुसट —

ग्रुपवर आई दिसते. आई लिहून राहिली आहे. आई नको. तिनं लिहिलं, वैभव, मले पण लई एकटं वाटून राहिलं, मी पण उद्या सका—